कमोडोर ६४ मध्ये नवी चिप टाकण्याआधी हे बघा

जुना कमोडोर ६४ (१९८० च्या दशकातला घरगुती कॉम्प्युटर) चालू केला आणि स्क्रीन नुसती काळी, तर बहुतेक जण थेट पीएलए चिपवर (कुठल्या वेळी कुठली मेमरी किंवा चिप वापरायची ते ठरवणारी) संशय घेतात, आणि खरं सांगायचं तर बऱ्याचदा तीच गेलेली असते कारण ती जाम तापते. पण नवी चिप मागवायच्या आधी पॉवर सप्लाय तपासा!! जुन्या सप्लायच्या ठोकळ्यातला रेग्युलेटर (व्होल्टेज स्थिर ठेवणारा भाग) बिघडला की ५ व्होल्टची लाईन वर चढते आणि रॅम जळते, मग तुमची नवी चिपपण त्याच वाटेने जाणार. मल्टीमीटर लावा, ५.२५ व्होल्टच्या वर दाखवलं तर तो सप्लाय परत जोडूच नका.

पीएलएच्या जागी काही लोक २७सी५१२ ईप्रॉम (प्रोग्रॅम करता येणारी मेमरी चिप) प्रोग्रॅम करून लावतात, स्वस्त पडतं, पण टायमिंग हुबेहूब जुळत नाही त्यामुळे काही कार्ट्रिज (मागे खोचायचे गेम वगैरे) गंडतात. त्यापेक्षा प्लँक्टनसारखी खास ह्यासाठी बनवलेली चिप बरी.

साउंडच्या सिड चिपचं वेगळंच. तिचे दोन प्रकार, ६५८१ ला १२ व्होल्ट लागतात, ८५८० ला ९, त्यामुळे जुनी ओरिजिनल चिप अदलाबदल करताना बोर्ड कुठला ते आधी बघा नाहीतर वाट लागेल. आर्मसिड ही नवी पर्यायी चिप दोन्हींची नक्कल करते, माझं मत तीच घ्या.

आणि हो, चिपची खाच सॉकेटच्या खाचेशी जुळवा, उलटी बसवली तर गेली. चिप सरळ बोर्डवर सोल्डर केलेली असेल तर ती काढून आधी सॉकेट बसवा, पुढच्या वेळी डोक्याला ताप नाही.