न्यूटनचा शीतकरणाचा नियम: रीत घरी, प्रयोग वर्गात

गरम वस्तू थंड होण्याचा दर तिच्या आणि भोवतालच्या तापमानातल्या फरकाच्या प्रमाणात असतो, हा न्यूटनचा नियम. तो मांडणारे विकलक समीकरण (बदलाच्या दराचे समीकरण) सोडवण्याची रीत दहा-बारा मिनिटांच्या व्हिडिओतून आदल्या दिवशी द्यावी आणि दोन सोपी उदाहरणे वहीत सोडवून आणायला सांगावीत. वह्या न पाहताच तास सुरू केला, तर मुसळ केरात गेलेच म्हणून समजावे. वर्गात चौघांच्या गटाला स्टीलचा पेला, गरम पाणी व तापमापक देऊन दर दोन मिनिटांनी नोंद घ्यायला लावावी. खोलीचे तापमान ३० अंश असताना पाणी दहा मिनिटांत ८० वरून ५५ अंशांवर आले, तर खोलीशी असलेला तापमानातला फरक ५० वरून २५, म्हणजे निम्मा झाला, म्हणून नियमातल्या प्रमाणाचा स्थिरांक (ln 2 ÷ १०) दर मिनिटाला सुमारे ०.०६९ येतो. पंखा लावताच तो का वाढतो, यावर गटांना खुशाल वाद घालू द्यावा. गुण देताना सजवलेल्या अहवालापेक्षा प्रत्येकाच्या तोंडी उत्तराला अधिक वजन द्यावे, कारण एरवी गटातला एकच जण राबतो.