दिवाळीची तयारी: घरची आणि कारखान्याची

दिवाळीच्या तयारीचे दिवस मागून मोजावेत. नरक चतुर्दशीची पहाट आणि लक्ष्मीपूजनाची संध्याकाळ कुणासाठी हलत नाहीत. तिथून मागे येत गेलं की कुठल्या कामाला कधी हात घालायचा ते आपोआप ठरतं. कोल्हापूरच्या उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव या कारखान्यांच्या वसाहतींत ज्यांच्या घरचं माणूस कामाला आहे, त्यांची मोजणी बोनसपासून सुरू होते. बोनस किमान 8.33 टक्के असतो, पण तो कोणत्या दिवशी हातात पडतो यावरही घरची दिवाळी ठरते. धनत्रयोदशीला पैसे मिळाले तर महाद्वार रोडच्या गर्दीत उरलेल्या मापाचे कपडे घ्यावे लागतात. म्हणून मालकांनी बोनस वसुबारसेच्या आठ दिवस आधी, मध्ये एक रविवार सापडेल असा द्यावा.

घरात पहिला मान अनारशांचा, कारण त्यांना दहा दिवस लागतात. तांदूळ तीन दिवस भिजवा, पाणी रोज बदला. चौथ्या दिवशी कापडावर सावलीत पसरा आणि हाताला ओलसर लागत असतानाच दळा. चाळलेल्या पिठीच्या वजनाइतका किसलेला गूळ मिसळून गोळे चार-पाच दिवस डब्यात ठेवा. गूळ घेताना चिकीचा नको, हे दुकानदाराला आवर्जून सांगा. तुपात सोडल्यावर अनारसा हसला, म्हणजे जाळी फुटून पसरला, तर बहुतेक वेळा गूळ जास्त झालेला असतो. थोडी तांदळाची पिठी मळून घाला आणि पुन्हा एकच सोडून बघा. अख्खा घाणा पणाला लावू नका.

चकलीच्या भाजणीला तांदूळ 4 वाट्या, हरभरा डाळ 2, उडीद डाळ 1, मूग डाळ अर्धी, धने अर्धी आणि जिरे पाव वाटी. सगळं धुऊन, सुकवून, वेगवेगळं मंद आचेवर भाजा. गिरणीत भाजणी गव्हावर टाकू देऊ नका, तांदळावर किंवा हरभऱ्यावर टाकायला सांगा. जात्यात राहिलेलं गव्हाचं पीठ मिसळलं की चकली मऊ पडते. 2 वाट्या भाजणीला 1 वाटी पाणी घ्या, त्यात मीठ, तिखट, तीळ, ओवा आणि 2 चमचे तेल घालून उकळा. भाजणी घालून अर्धा तास झाका, मग मळा. सोऱ्यातून पडताना वेढा तुटत असेल तर पीठ कोरडं आहे, कोमट पाण्याचा हात लावून पुन्हा मळा. मोहन जास्त झालं तर चकली तेल पिते. आच मोठी ठेवली तर वरून रंग येतो, आत कच्ची राहते आणि दुसऱ्या दिवशी वातड होते. चकलीभोवतीचे बुडबुडे बसले की मगच झाऱ्यावर घ्या.

नव्या पणत्या दोन-तीन तास पाण्यात बुडवून वाळवा, नाहीतर माती तेल पीत राहते. मुलांच्या किल्ल्यावर मोहरी किंवा अळीव चार-पाच दिवस आधी पेरा.

कारखान्यातली आवराआवर शेवटच्या पाळीवर ढकलू नका. इंडक्शन भट्टी, म्हणजे विजेवर धातू वितळवणारी भट्टी, असेल तर शेवटचा धातू पूर्ण ओतून ती रिकामी करा. कूलिंगचं पाणी मात्र लगेच बंद करायचं नाही. भट्टीच्या आतलं अस्तर तासन्‌तास तापलेलं राहतं आणि पाणी तुटलं की भोवतीच्या तांब्याच्या कॉइलला धोका. कॉम्प्रेसरच्या टाकीतलं पाणी सोडा, मशीनच्या स्लाइडला आणि तयार जॉबना, म्हणजे बनवलेल्या भागांना, गंजरोधक तेल लावा. सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनच्या कूलंटवर (थंड ठेवणाऱ्या द्रवावर) तरंगणारं तेल काढून घ्या. ते तसंच राहिलं तर चार दिवसांच्या सुट्टीनंतर शेड उघडताना नाक धरावं लागतं. रोषणाईच्या माळा मशीनच्या पॅनेलमधून जोडू नका. समई थिनर आणि तेलकट चिंध्यांपासून लांब ठेवा.

मिठाईचे पुडे मोजताना पगारपत्रकावर नसलेली माणसं आधी मोजा: कंत्राटी कामगार, वॉचमन, झाडलोट करणाऱ्या मावशी, रोजचा टेम्पोवाला. पुडा सगळ्यांना एकच असावा. छोटा-मोठा केला तर घेणाऱ्याला ते दिसतं आणि लागतं.

खरी ओढाताण लक्ष्मीपूजनाला होते, कारण घरचं आणि कारखान्याचं पूजन एकाच प्रदोषकाळात येतं. त्यासाठी आदल्या दिवशीच दोन पिशव्या वेगळ्या भरा. दोन्हींत लाह्या, बत्तासे, धने, हळद-कुंकू, विड्याची पानं, सुपारी, वाती, तेल, काडेपेटी आणि नवी केरसुणी. कारखान्याच्या पिशवीत वही आणि नवा पेनही. झेंडू त्या दिवशी सकाळीच घ्या, आदल्या रात्रीचा पिशवीत काळा पडतो. सूर्यास्त होताच कारखान्यातली पूजा मांडा, प्रसाद वाटा आणि तासाभरात सगळ्यांना घरी सोडा. रात्री मागे राहणाऱ्या वॉचमनला फराळाबरोबर मेन स्विचची जागा आणि दोन फोन नंबर कागदावर लिहून द्या.

पाडव्याला गवळी बांधव शिंगं रंगवून सजवलेल्या म्हशी घेऊन रस्त्यावर येतात. शनिवार पेठ, कसबा बावडा बाजूला कुणाला जेवायला बोलावलं असेल तर एक तास उशीर धरूनच पानं मांडा.

सुट्टी संपल्यावर भट्टी एकदम पूर्ण पॉवरवर घेऊ नका. गार अस्तराला बारीक भेगा असतात, त्या हळूहळू तापवतच मिटवाव्या लागतात. पहिल्या पाळीला निदान एक जाणता भट्टीवाला हजर हवा, म्हणून त्याचं परतीचं तिकीट त्याला सुट्टी देतानाच बघून घ्या.