उन्हाळ्यात मोजमाप, पोळ्याला फिटिंग

जुन्या टेलिप्रिंटरचा, म्हणजे तारेवरून आलेला मजकूर आपोआप टाइप करणाऱ्या यंत्राचा, गिअर बदलायचा असेल तर पान्यांच्या आधी कॅलेंडर काढा. आमच्याकडे वर्धा जिल्ह्यात दिवाळीनंतर जिनिंग सुरू होतात, आणि तालुक्यातला प्रत्येक चांगला टर्नर होळीपर्यंत त्यांच्या रोलरांत अन् शाफ्टांत गुंतलेला असतो. त्या दिवसांत अंगठ्याएवढं पिनियन (जोडीतला लहान गिअर) घेऊन गेलात तर तो "ठेवून जा" म्हणतो, आणि ते खरंच ठेवलेलं राहतं. म्हणून उघडणं-मोजणं उन्हाळ्यात, खराद्याकडचं काम मृग लागल्यावर, जोडणी पोळ्याच्या सुमारास.

तयार सुटा भाग मिळेल ही आशा आधीच सोडून द्या. हिंदुस्तान टेलिप्रिंटर्स ही सरकारी कंपनी १९६० साली मद्रासला इटलीच्या ऑलिव्हेटीच्या सहकार्याने उभी राहिली. पुढे टेलिप्रिंटरच मागे पडले आणि जुलै २०१३ मध्ये तारही बंद झाली. आता भाग मिळालाच तर दुसऱ्या मेलेल्या यंत्रातला, आणि तोही तेवढाच म्हातारा.

यंत्र घरी आल्यावर प्लग लावून पाहायचा मोह होतो. मी तो केला होता. मोटर गुरगुरली, 'टक्' असा एकच आवाज आला आणि फायबरच्या गिअरचे चार दात ट्रेमध्ये पडले. दोष गिअरचा नव्हता. पुढच्या शाफ्टच्या बुशात ग्रीस मेणासारखं घट्ट झालं होतं, शाफ्ट जागचा हलत नव्हता, आणि साखळीतला सगळ्यात मऊ भाग तेवढा मोडला. म्हणजे नवा गिअर बनवण्याआधी जुना का मोडला ते शोधायचं. त्यासाठी घासलेट, दाताचा जुना ब्रश, शिलाई मशीनचं तेल आणि भरपूर चिंध्या लागतात. पिनियन मोकळं करून मोटर वेगळी फिरवा, मग शाफ्ट वेगळा. दोन्ही दोन बोटांनी फिरेपर्यंत विजेचं नाव काढू नका. क्लचमध्ये नमद्याच्या चकत्या असतील तर त्यांना घासलेट लावायचं नाही. त्या वेगळ्या काढून ठेवा. किती तेल मुरल्यावर क्लच नीट पकडतो ते ठरलेलं असतं.

मोजमापाला सगळ्यात जास्त वेळ द्या. एक व्हर्नियर, एक वही आणि घरातली नेलपॉलिशची बाटली. पहिल्या दातावर ठिपका लावून मोजा, मग उलट्या बाजूने पुन्हा मोजा. साठ-सत्तर दातांत डोळा एकदा तरी चुकतोच. दातांच्या संख्येत दोन मिळवा आणि बाहेरच्या व्यासाला त्या बेरजेने भागा, हे झालं मॉड्यूल, म्हणजे दाताच्या आकाराचं माप. ६० दात आणि व्यास ६२ मिलिमीटर असेल तर मॉड्यूल १, सरळ हिशेब. पण व्यास ६५.६ आला तर उत्तर १.०५८ येतं. ती मोजण्यातली चूक समजू नका, गिअर इंचाच्या मापाचा, २४ डीपीचा (व्यासाच्या दर इंचाला २४ दात) आहे. क्रीडसारख्या ब्रिटिश यंत्रात हे हमखास गृहीत धरा. दात तिरके असतील तर हे सूत्र चालत नाही. तेव्हा जोडीतले दोन्ही गिअर आणि दोन शाफ्टांमधलं अंतर, सगळंच खराद्यापुढे ठेवायचं.

एका दाताने काय होतं, असं वाटत असेल तर हा हिशेब पाहा. ५० बॉडच्या, म्हणजे सेकंदाला संदेशाचे ५० अंश (विजेचे ठोके) घेणाऱ्या यंत्रात एक अंश २० मिलिसेकंदांचा. एका अक्षराला आधीचा स्टार्ट आणि शेवटचा स्टॉप हे ठोके धरून साडेसात अंश, म्हणजे १५० मिलिसेकंद. मिनिटाला ३००० फेऱ्यांची मोटर ७ ला १ अशी उतरवली की शाफ्ट एक फेरा १४० मिलिसेकंदांत पुरा करतो आणि उरलेला वेळ पुढच्या स्टार्टची वाट पाहतो. तिथे ७० ऐवजी ६९ दातांचा गिअर बसवला तर स्टार्टनंतरच्या पाचव्या अंशाच्या मध्यापर्यंत दीड मिलिसेकंदाची चूक साठते. अक्षर कदाचित बरोबर उमटेलही, पण लाइनचा बिघाड झेलायची जागा तेवढी कमी झाली. गव्हर्नरची (वेग आवरणाऱ्या संपर्काची) मोटर असेल तर वेग थोडा ओढून घेता येतो. सिंक्रोनस मोटरचा वेग विजेच्या सायकलवर (हर्ट्झवर) बांधलेला, तिला ती सोय नाही, आणि अमेरिकन ६० सायकलची सिंक्रोनस मोटर आपल्या ५० सायकलवर सहाव्या हिश्शाने मंदच चालणार, तिला गिअरची जोडीच वेगळी लागते.

खराद्याकडे जाण्याआधी फोनवर विचारा: मिलिंग आहे का, आणि डिव्हायडिंग हेड (गिअर सारख्या भागांत फिरवून धरणारं साधन) आहे का? नुसत्या लेथवर दात निघत नाहीत. कटर मात्र प्रत्येक आकड्याला वेगळा लागत नाही. त्याच मॉड्यूलच्या एकाच कटरवर ५५ ते १३४ दात निघतात. आमच्या मिस्त्रींनी यंत्राचा फोटो पाहिला आणि म्हणाले, "हे तं शिलाई मशीनची मोठी बहीण दिसते, भाऊ." मग म्हणाले, लोखंडाचाच करून देतो, जन्मभर पाहाले नको. तिथे नम्रपणे नाही म्हणा. मोठा गिअर मऊ ठेवण्यात शहाणपण होतं, अडलं तर तो मोडतो आणि मागचा महागाचा शाफ्ट वाचतो.

मग कशाचा? थ्रीडी प्रिंटवाला पीएलए नावाच्या प्लास्टिकचा स्वस्तात देतो, पण पीएलए ६० अंश सेल्सियसच्या आसपास मऊ पडतं. मे महिन्यात टिनाच्या शेडमध्ये, झाकणाखाली, गरम मोटरच्या शेजारी तो टिकेल यावर माझा भरवसा नाही. नायलॉन मजबूत, पण पावसाळ्यात दमट हवा पिऊन फुगतो. उन्हाळ्यात चपखल बसवलेला गिअर श्रावणात घट्ट होतो. मी डेलरिन हे टणक प्लास्टिक वापरतो, किंवा मिळाली तर कापडी हायलमची (राळेत घट्ट केलेल्या कापडाची) जाड शीट.

यंत्रात दाती पट्टा असेल तर एक खोड लक्षात ठेवा. बाजारात सर्रास मिळणारा जीटी-२ पट्टा २ मिलिमीटर पिचचा (दोन दातांमधलं अंतर) आणि जुना एमएक्सएल २.०३२ चा. हातात सारखेच वाटतात. ८० दातांत अडीच मिलिमीटरचा फरक पडतो, आणि पट्टा पुलीवर चढतो.

विजेसाठी शंभर वॅटचा पिवळा बल्ब सिरीजमध्ये लावलेला बोर्ड तयार ठेवा. गव्हर्नरच्या संपर्कावरचा जुना कागदी कंडेन्सर न तपासताच बदला. चालू करताना सांजची वेळ टाळा, तेव्हा गावातलं व्होल्टेज कुठल्या कुठे जातं. बल्ब क्षणभर पेटून मंदावला तर ठीक. तसाच भगभगीत राहिला तर प्लग काढा आणि पुन्हा बोटांनी शाफ्ट फिरवायला बसा.

आणि झाकणाचे चारही स्क्रू एका डबीत सांभाळून ठेवा. तान्ह्या पोळ्याला पोरं लाकडी बैल घेऊन थेट शेडपर्यंत येतात, तोवर झाकण बसलेलं पाहिजे.