मांडी घालून बसायला खुर्ची घेताय? आधी टेप काढा

ज्याला मांडी घालून बसायची सवय आहे तो कुठल्याही खुर्चीत थोड्या वेळाने पाय वर घेतोच. ऑफिसच्या साध्या खुर्चीची बैठक साधारण ४५ ते ५२ सेंटीमीटर रुंद असते, दोन्ही बाजूंना हात असतात, आणि तेवढ्यात मांडी काही मावत नाही. मग एक पाय खाली मुडपायचा, दुसरा लोंबकळत ठेवायचा. हे टाळायला आता मांडीसाठी मुद्दाम केलेल्या रुंद, बिनहाताच्या खुर्च्या मिळतात. बहुतेक जण त्यांची रुंदी बघतात आणि घेऊन टाकतात. रुंदी लागतेच, वाद नाही. पण खुर्ची रोज वापरली जाणार की तिच्यावर धुतलेले कपडे साठणार, हे ठरतं कमरेच्या आधारावर आणि बैठक पुढून मागे किती खोल आहे त्यावर.

गुडघा किंवा खुब्याची शस्त्रक्रिया झाली असेल, गुडघ्यात झीज किंवा गादी फाटल्याचं निदान असेल, कंबरेतून पायात कळ जात असेल, तर खरेदी बाजूला ठेवून आधी डॉक्टरांना विचारा. ज्याला जमिनीवर मांडी घालवत नाही, त्याला खुर्चीवर ती सुखाची होत नाही.

पायरी १: स्वतःचं माप घ्या

भिंतीला पाठ टेकवून जमिनीवर नेहमीसारखी मांडी घाला. दोन्ही गुडघ्यांना बाहेरून एकेक जाड पुस्तक उभं टेकवा, उठा आणि पुस्तकांमधलं अंतर मोजा. त्यात चार-पाच सेंटीमीटर मिळवा, ही तुमची रुंदी. पुन्हा तसंच बसून भिंतीपासून नडगीच्या सर्वांत पुढच्या भागापर्यंतचं अंतर घ्या, ही तुमची खोली. हे माप दुसऱ्या कुणाला घ्यायला सांगितलं तर बरं, कारण आपण वाकलो की ते बदलतं.

आता तिसरं माप, जे सहसा कुणी घेत नाही. मांडी घातल्यावर गुडघे खुब्यापेक्षा वर राहत असतील तर ओटीपोटाचं हाड मागे कलतं आणि कंबरेचा नैसर्गिक बाक जातो. पाठीला पोक येतो तो इथून. म्हणून बुडाखाली चादरीच्या घड्या घालत जा. गुडघे खुब्याच्या पातळीला किंवा थोडे खाली आले आणि पाठ आपोआप सरळ झाली की थांबा. दाबल्या गेलेल्या घडीची जी जाडी, तेवढा उंचवटा तुम्हाला खुर्चीतही लागणार.

पायरी २: प्रकार ठरवा

टेबलाशी बसून काम करायचं असेल तर रुंद बैठकीची, फिरणारी, बिनहाताची खुर्ची बहुतेकांना पुरते. दुसरा प्रकार दोन मजली: वर लहान बैठक आणि खाली पाय ठेवायला वेगळा रुंद कट्टा. यात खुबा आपोआप वर राहतो, त्यामुळे ज्यांचे गुडघे खाली येत नाहीत त्यांना हीच चांगली. मात्र माणूस बराच उंच बसतो, तेव्हा टेबलही उंच हवं. तिसरी बिनपायांची, जमिनीवर ठेवायची, फक्त पाठ असलेली. जपानमध्ये तिला झाइसू म्हणतात. वाचायला उत्तम, पण गुडघे कुरकुरत असतील तर तिच्यावरून उठणं जिकिरीचं होतं.

पायरी ३: बैठकीची खोली आणि आकार

इथे जरा वेळ घालवा. मांडीसाठी बैठक खोल लागते, पण पाय खाली सोडून बसलं की तीच खोली नडते. पाठ टेकवायला मागे सरकलात तर बैठकीची कड गुडघ्यामागे रुतते, पुढे सरकलात तर पाठ अधांतरी. दिवसभर एकाच मांडीत कुणी बसत नाही आणि बसूही नये, म्हणून खुर्ची दोन्हीला चालली पाहिजे. पाठ पुढे-मागे सरकवता येत असेल तर ती पहिली पसंती. नसेल तर कंबरेमागे ठेवायला एक घट्ट उशी लागेल, हे आधीच धरून चाला.

बैठक सपाट हवी. मध्ये खोलगट आणि कडेला चढलेली बैठक शोरूममध्ये आलिशान वाटते, पण तिच्यात बूड खाली जातं आणि गुडघे वर येतात, म्हणजे नेमकं नको ते होतं. मागे कललेल्या बैठकीचंही तेच.

कडा हाताने दाबून बघा. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, थोडं खाली, हाडाचा एक छोटा उंचवटा बोटाला लागतो. त्याला वळसा घालून एक नस कातडीच्या अगदी जवळून जाते. कडक कडेवर ती दाबली गेली की नडगीच्या बाहेरच्या बाजूला आणि पावलावर मुंग्या येतात. जाळीच्या बैठकीला भोवती प्लास्टिकची चौकट असते, ती घोट्याला आणि नडगीला टोचते. जाळी पाठीला ठीक, बुडाखाली नको.

फोम घट्टच घ्या. पाय वर घेतल्यावर पायांचंही वजन बैठकीवरच येतं आणि मऊ फोम थोड्या दिवसांत बसतो. वरचं कापड विणलेलं असावं. रेक्झिनवर उघडी त्वचा चिकटते आणि बूड पुढे घसरत राहतं.

पायरी ४: ती उलटते का बघा

रुंद बैठक आणि खाली लहान पाया, हे धोक्याचं जोडकाम. चढताना आपण एक गुडघा आधी कडेवर टेकवतो, तेव्हा सगळा भार एका बाजूला जातो. पाच पायांचा पाया जवळपास बैठकीइतका रुंद हवा. दुकानात मुद्दाम कडेवर बसून बघा. चाकं असतील तर चढताना खुर्ची सटकते. कुलूप लागणारी चाकं किंवा चाकांऐवजी स्थिर पाय बसवता आले तर उत्तम. वजनाची मर्यादा तुमच्या वजनापेक्षा बरीच वर असू द्या.

पायरी ५: टेबलाशी जुळवा

नेहमीचं टेबल ७२ ते ७५ सेंटीमीटर उंच असतं. पावलं जमिनीला टेकली पाहिजेत हा नियम मांडी घातल्यावर लागू नसतो, त्यामुळे खुर्ची बिनधास्त वर घेऊन कोपर टेबलाच्या पातळीला आणा. मग गुडघे टेबलाखालच्या खणाला अडकतात का ते बघा. अडकत असतील तर खण काढा किंवा टेबल बदला, खुर्ची खाली घेऊन खांदे आखडून बसू नका. पाय खाली सोडाल तेव्हासाठी पायाखाली चौरंग ठेवा.

पायरी ६: बसून बघा

सैल कपडे घाला, चपला काढा आणि निदान १५ मिनिटं बसा. आधी उजवा पाय वर, मग डावा, मग दोन्ही खाली. ऑनलाइन घेत असाल तर नीट वाचा: बऱ्याचदा पूर्ण खुर्चीची रुंदी दिलेली असते, बैठकीची नाही, शिवाय काही बैठका मागे निमुळत्या होतात. परत करण्याची मुदत आणि परत पाठवण्याचा खर्च कोणाचा, हेही आधीच बघून ठेवा.

घरी आणल्यावर दर अर्ध्या तासाने पाय बदला किंवा उठा. पंधरा दिवसांनी खुर्ची उलटी करून बैठकीखालचे स्क्रू आवळा. मांडी घालताना बैठकीला पीळ बसतो आणि ते सैल होतात.