विंडोज सोडून लिनक्स मिंटवर आलात, आता सॉफ्टवेअर कसं टाकायचं?

विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणून नाशिकच्या सातपूर-अंबडच्या ऑफिसांतल्या जुन्या पीसीवर लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम टाकत असाल, तर पेन ड्राइव्हमधल्या विंडोजची सॉफ्टवेअर टाकायच्या जुन्या ईएक्सई फायली विसरा. त्या इथे थेट चालत नाहीत.

आधी अपडेट मॅनेजर उघडून सगळे अपडेट पूर्ण होऊ द्या. ते चालू असतानाच दुसरं काही टाकायला गेलात तर ‘लॉक’ मिळाला नाही अशी एरर येते. बिघाड नसतो, थांबायचं. मध्येच वीज गेली तर मात्र पॅकेज अर्धवट राहतं. ते पूर्ण करायला टर्मिनलमध्ये (कमांड टाइप करायच्या खिडकीत) ‘sudo dpkg --configure -a’ टाइप करा. पासवर्ड टाकताना पडद्यावर अक्षरांऐवजी नुसत्या चांदण्या (*) उमटतात, घाबरू नका.

मग सॉफ्टवेअर मॅनेजर. एकच अ‍ॅप बऱ्याचदा दोन रूपांत दिसतं: सिस्टिम पॅकेज (मिंटच्या स्वतःच्या भांडारातलं) आणि फ्लॅटपॅक (कुठल्याही लिनक्सवर चालणारं वेगळं पॅकेज). फ्लॅटपॅक सहसा नवं असतं, पण सोबत रनटाइम, म्हणजे अ‍ॅप चालायला लागणाऱ्या सामायिक फायली, ओढतं. पहिल्याच अ‍ॅपला एक जीबीच्या आसपास डाउनलोड होऊ शकतं. मोबाइल हॉटस्पॉटवर असाल तर सिस्टिम पॅकेजच घ्या. लिबरऑफिस आणि फायरफॉक्स आधीपासून असतात.

टॅली हा खरा अडसर. टॅलीप्राइम विंडोजसाठीच आहे. वाइनवर (विंडोजची सॉफ्टवेअर लिनक्सवर चालवणारं साधन) हिशेबाचा धोका पत्करण्यापेक्षा एका मशीनवर विंडोज ११ ठेवलेलं बरं. जुन्या फॉन्टमधली मराठी पत्रंही युनिकोडमध्ये बदलून घ्या, नाहीतर तो फॉन्ट नसलेल्या पीसीवर नुसती गिचमिड दिसेल.