केमोमध्ये केस जातात तेव्हा: पहिल्या सलाईनच्या आधीपासूनची तयारी

डॉक्टरांनी कॅन्सरच्या केमोचा कागद हातात दिला की त्यावरची औषधांची नावं आधी वाचून घ्या. केस जाणार का आणि किती, हे त्या नावांवर ठरतं. डॉक्सोरुबिसिन (दवाखान्यात ज्याला 'लाल औषध' म्हणतात ते), एपिरुबिसिन, पॅक्लिटॅक्सेल किंवा डोसेटॅक्सेल यांतलं एक जरी नाव असलं तरी डोक्यावरचे जवळजवळ सगळे केस जातील असं धरून चाला. नुसतं कार्बोप्लॅटिन किंवा कॅपेसिटाबिनच्या गोळ्या असतील तर केस विरळ होतात, टक्कल सहसा पडत नाही. ट्रास्टुझुमॅबचं इंजेक्शन पुढे अनेक महिने चालतं, पण त्यानं एकट्यानं केस जात नाहीत. छातीवरच्या रेडिएशननंही डोक्याचे केस जात नाहीत, फार तर काखेतले जातात. टॅमॉक्सिफेन आणि लेट्रोझोलच्या गोळ्यांनी काहीजणींचे केस पातळ होतात, एवढंच.

केमोचा मारा झपाट्यानं वाढणाऱ्या पेशींवर असतो आणि केसाच्या मुळातल्या पेशी फार वेगानं वाढतात. कुठल्याही दिवशी डोक्यावरचे दहातले साडेआठ-नऊ केस वाढीच्या अवस्थेत असतात, म्हणून डोकं आधी रिकामं होतं. भुवया, पापण्या मागून जातात. कांद्याचा रस, माक्याचं तेल, जास्वंद, बायोटिनच्या गोळ्या यांतलं काहीच हे थांबवू शकत नाही. बायोटिन तर रक्ताच्या काही तपासण्यांचे आकडे चुकवतं. घेत असाल तर डॉक्टरांना सांगा. आणखी एक समज फार पसरलेला आहे: केस गळले म्हणजे औषध लागू पडलं. तसं नाही. केसांवरून औषधाचा गुण कळत नाही, त्यामुळे केस टिकले म्हणूनही घाबरू नका.

केस वाचवण्याचा थोडाफार आधार असलेला एकच उपाय आहे: मशीनवर चालणारी थंड टोपी. सलाईनच्या साधारण अर्धा तास आधी ती डोक्यावर चढवतात आणि सलाईन संपल्यावरही तास-दीड तास ठेवतात. गारव्यानं डोक्याच्या कातडीतल्या रक्तवाहिन्या आवळतात आणि मुळांपर्यंत औषध कमी पोचतं. साधारण निम्म्या बायकांना तिचा चांगला उपयोग होतो. लाल औषधावर कमी, पॅक्लिटॅक्सेलवर जास्त. ही सोय सगळीकडे नाही, म्हणून बेळगाव, हुबळी, मिरज, कोल्हापूर, जिथे उपचार घ्याल तिथे पहिल्या डोसच्या आधीच विचारा. दुसऱ्या डोसपासून सुरू करून फायदा नाही. घरचा बर्फ पिशवीत घालून डोक्याला बांधू नका. गारवा सगळीकडे सारखा राहत नाही आणि कातडी भाजल्यासारखी होते.

घरात लग्न आहे, जत्रा आहे, त्यात केस गेलेले दिसतील म्हणून डोस पुढे ढकलावा असं मनात येतं, घरची माणसंही सुचवतात. ढकलू नका. तारखा डॉक्टरांनी आजाराच्या हिशेबानं ठरवलेल्या असतात.

केस कापणं

पहिल्या डोसनंतर साधारण १४ ते २१ दिवसांत गळती सुरू होते. त्याआधी एक-दोन दिवस डोकं ठणकतं, वेणी घट्ट बांधल्यासारखी कातडी दुखते. मग हात फिरवला की झुबकाच हातात येतो. हे सगळं कमरेपर्यंतच्या केसांबरोबर सोसण्यापेक्षा पहिल्या डोसच्या आधीच्या आठवड्यात केस मानेपर्यंत कापून घ्यावेत हे बरं. त्याचं एक व्यवहारी कारणही आहे. गळलेले लांब केस उरलेल्या केसांत अडकतात आणि दोन दिवस विंचरलं नाही तर त्यांचा घट्ट गोळा होतो.

आपल्या भागात या गोळ्याला लगेच दुसरा अर्थ लावला जातो. सौंदत्ती जवळ, तिथल्या यल्लम्मा देवीवर घरोघरी श्रद्धा. केसांचा गुंता दिसला की कुणीतरी म्हणणारच, ही देवीची जट, हिला कात्री लावायची नाही. श्रद्धा आपल्या जागी राहू द्या, पण हा गुंता सुट्या केसांचा आहे. तो डोक्यावर ठेवला तर खालची कातडी ओली राहते, खाज येते, पू होतो आणि जंतूंशी लढणाऱ्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी असताना तो पू जिवावर बेतू शकतो. गुंता लहान असेल तर खोबरेल तेल चोळून अर्धा तास थांबा आणि टोकाकडून मुळाकडे बोटांनी सोडवा. सुटला नाही तर कातडीपासून एक बोट अंतर ठेवून कापून टाका. सासूबाई किंवा आई तयार नसतील तर पुढच्या भेटीला त्यांना बरोबर न्या आणि डॉक्टरांना त्यांच्यासमोरच सांगायला लावा.

कापलेली वेणी ठेवायची असेल तर कापण्याआधी दोन्ही टोकांना रबर बांधा, पूर्ण वाळवा आणि कागदात गुंडाळा, प्लॅस्टिकमध्ये नको. खानापूरच्या पावसात ओली वेणी आठवड्यात बुरसते. बारा इंचांच्या वर लांबी असेल तर केसांचे टोप (विग) करणारे कारागीर ती कामाला घेऊ शकतात.

गळती जोरात सुरू झाली की बहुतेकजणी डोकं साफ करतात. वस्तरा नको, ब्लेड नको. डोसनंतर सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या सुमारास पांढऱ्या पेशी सर्वांत कमी असतात, रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेटही उतरलेल्या असू शकतात. अशा वेळी वस्तऱ्याची बारीक चीरही पिकते किंवा वाहत राहते. ट्रिमर वापरा. न्हावी घरी बोलवा, पण ट्रिमर घरचाच असू द्या. भावानं किंवा बहिणीनं केलं तरी अवघड नाही:

आधी कात्रीनं केस इंचभर करा, लांब केसांत ट्रिमर अडकतो आणि ओढतो. केस कोरडे हवेत. पात्याला स्पिरिट लावून पुसा, ३ मिलिमीटरचं गार्ड बसवा. कपाळाकडून मानेकडे, दाब न देता फिरवा. कानामागे कातडी बोटानं ताणून धरा. गार्ड काढून पार गुळगुळीत करायची गरज नाही. उरलेले खुंट काही दिवसांत आपोआप गळतात. तोवर उशीवर डोकं टेकलं की ते टोचतात; रुंद चिकटपट्टी हलक्या हातानं डोक्यावर टेकवून उचलली की बरेचसे निघून येतात.

न्हाणीघराच्या जाळीवर बारीक कापड किंवा चहाची जुनी गाळणी ठेवा, नाहीतर नळी तुंबते. रात्री पातळ टोपी घालून झोपा, सकाळी केस उशीवर न पडता टोपीतच मिळतात.

डोक्याची कातडी

उघडी पडलेली कातडी लहान बाळाच्या कातडीसारखी धरा. कोमट पाण्यानं, बाळांच्या साध्या शांपूनं आठवड्यातून दोनदा धुवा. शिकेकाई आणि रिठा या काळात कोरडेपणा वाढवतात. खोबरेल तेल चार-पाच थेंब, गरम न करता, चोळून मालिश न करता. मेंदी नको, काळी मेंदी तर मुळीच नको. तिच्यातल्या रसायनानं कातडी फुलून येते. उन्हात जाताना डोकं झाका किंवा एसपीएफ ३० चं क्रीम लावा. डोक्यावर पुटकुळ्या आल्या तर फोडू नका, डॉक्टरांना दाखवा.

आणि ताप १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त आला तर, डोक्यावर काही दिसो न दिसो, रात्र असली तरी दवाखान्याला फोन करा आणि निघा. घरात ताप मोजायचं यंत्र असायलाच हवं.

टोपी, रुमाल, पदर

आपल्याकडे डोक्यावर पदर घेण्याची रीत अजून आहे, ही मोठी सोय. फक्त केस नसलेल्या डोक्यावर पदर थांबत नाही. रेशमी आणि नायलॉनचा तर दर मिनिटाला घसरतो. खाली सुती टोपी असली की बसतो.

टोपी घरी शिवता येते. धुऊन मऊ झालेला जुना होजिअरीचा टी-शर्ट घ्या. भुवयांच्या वरून डोक्याचा घेर मोजा, बहुतेकींचा ५४ ते ५७ सेंटिमीटर असतो. घेरापेक्षा ५ सेंटिमीटर कमी, त्यात शिलाईचे २ मिळवा. ५५ चा घेर असेल तर ५२ सेंटिमीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर उंच तुकडा कापा. कापड ज्या बाजूला जास्त ताणतं ती बाजू डोक्याभोवती यायला हवी; उलटं कापलंत तर टोपी कपाळावर करकचते. बाजू जोडून नळी करा, वरच्या कडेला धावदोरा घालून ओढा आणि गाठ मारा. शिवण आणि गाठ दोन्ही बाहेरच्या बाजूला ठेवा, आत राहिली तर कातडी घासते. खालची कड बाहेर दुमडा. अशा चार-पाच शिवा. जून ते सप्टेंबर कपडे वाळत नाहीत, दमट टोपी डोक्यावर चढवली की बुरशीची खाज ठरलेली. इस्त्री फिरवूनच घाला.

रुमालासाठी जुनी सुती साडी फाडून एक मीटरचा चौकोन करा. नव्या कापडाला खळ असते, ते दोन-तीनदा धुतल्याशिवाय वापरू नका. चौकोनाचा त्रिकोण करा, लांब बाजू भुवयांच्या दोन बोटं वर धरा, दोन्ही टोकं मागे नेऊन लोंबत्या टोकाच्या वरून मानेवर गाठ मारा, लोंबतं टोक गाठीत खोचा. डोकं चपटं दिसू नये म्हणून टोपी आणि रुमाल यांच्यामध्ये टाळूवर एक घडी केलेला हातरुमाल ठेवा. ऑपरेशन झालेल्या बाजूचा हात वर जात नसेल तर गाठ पुढे मारून मग रुमाल फिरवा, किंवा सरळ टोपीच वापरा. खांद्यावर जोर देऊ नका.

टोप हवा असेल तर तो केस असतानाच निवडा, म्हणजे रंग आणि भांग जुळवता येतो. उजेडात समोरून आणि दोन्ही बाजूंनी फोटो काढून ठेवा, बटेचा नमुना कागदात ठेवा. केस गेल्यावर घेर कमी होतो, म्हणून मागे आवळायचे पट्टे असलेलाच घ्या. कर्नाटकातल्या बायकांना २०२३ पासून राज्याच्या साध्या सरकारी बसला तिकिटाचे पैसे लागत नाहीत, तेव्हा निपाणी किंवा खानापूरहून बेळगावला टोप बघायला आणि नंतर बसवून घ्यायला अशा दोन खेपा परवडतात. दवाखान्यातल्या समाजसेवा विभागातही विचारा. बऱ्या झालेल्या बायका वापरलेले टोप तिथे देऊन जातात, ते शांपूनं धुऊन वापरता येतात.

कृत्रिम केसांचा टोप स्वस्त आणि सांभाळायला सोपा, पण त्याला उष्णता सोसत नाही. चुलीपुढे भाकरी थापताना किंवा कुकरचं झाकण उघडताना पुढचे केस वितळून आक्रसतात आणि ते परत सरळ होत नाहीत. स्वयंपाकाला रुमाल, बाहेर जायला टोप, अशी वाटणी करा. दहा-बारा वेळा वापरल्यावर गार पाण्यात थोडा शांपू घालून बुडवा, चोळू नका, पिळू नका, उलट्या पातेल्यावर सावलीत वाळवा.

भुवया, पापण्या, नाक

भुवया गेल्यानं चेहरा डोक्यापेक्षा जास्त बदलतो. जाण्याआधी जवळून फोटो काढा. काळ्याऐवजी गडद तपकिरी पेन्सिल घ्या आणि एक सलग रेघ न ओढता बारीक तिरक्या रेघा मारा. थ्रेडिंग बंद. पापण्या नसल्या की धूळ थेट डोळ्यात जाते; दुचाकीवर चष्मा लावा. घरातलं जुनं काजळ टाकून द्या, खोट्या पापण्यांचा गोंद लावू नका. टिकलीच्या गोंदानं कपाळ खाजत असेल तर बोटभर व्हॅसलिनवर कोरडं कुंकू लावा. नाकातले केसही जातात, म्हणून नाक सारखं गळतं. ती सर्दी नसते.

लोक विचारतात तेव्हा

बाईचं मुंडण म्हटलं की जुन्या पिढीला केशवपन आठवतं, म्हणून काही नजरा बोचतात. घरातल्या मुलांना केस जायच्या आधीच सांगा: औषधानं केस जातात, औषध थांबलं की येतात, हे कुणाला लागत नाही. बाहेर किती सांगायचं हे तुमचं तुम्ही ठरवा. तिरुपतीला केस दिले असं सांगून विषय संपवणाऱ्या बायका आहेत, आणि त्यात काही वावगं नाही. खराच नवस असेल तर मात्र तो केमो संपल्यावर फेडा. गर्दी आणि वस्तरा दोन्ही आत्ता नकोत. हुबळी-धारवाडकडे कानडीत कुणी विचारलं तर "औषधदिंद कूदल उदुर्याव, मत्त बरताव" (औषधानं केस गळलेत, परत येतात) एवढं पुरे.

परत येताना

शेवटच्या डोसनंतर तीन ते सहा आठवड्यांत मऊ लव दिसू लागते. पुढे महिन्याला साधारण एक सेंटिमीटर. पहिले केस कुरळे, करडे किंवा वेगळ्याच पोताचे असू शकतात. वर्षभरात बहुतेकींचे पूर्वीसारखे होतात. पुन्हापुन्हा साफ केल्यानं ते दाट होत नाहीत. केसांना रंग लावायची घाई नको, सहा महिने जाऊ द्या. डोसेटॅक्सेलनंतर थोड्या बायकांमध्ये केस पूर्ण भरून येत नाहीत, हे आधी माहीत असलेलं बरं. शेवटच्या डोसनंतर सहा महिन्यांनीही टाळू विरळच असेल तर त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा आणि हिमोग्लोबिन, लोह, थायरॉइड तपासून घ्या. मिनॉक्सिडिल (केस वाढवायचं औषध) लावायचं तर तेही त्यांना आणि कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारूनच.