पॅथॉलॉजिस्ट मडगावात, तुम्ही वाळपईत

डीएमएलटी (लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा) करून गोव्यात सत्तरी, काणकोण किंवा पेडण्याकडच्या छोट्या लॅबमध्ये लागलात की लगेच लक्षात येतं, रिपोर्टवर ज्यांची सही असते ते डॉक्टर, म्हणजे पॅथॉलॉजिस्ट, रोज समोर नसतात. ते पणजी-मडगावला बसून सॉफ्टवेअरमध्ये निकाल बघतात आणि सही करतात. नव्या मुलांना मी एकच गोष्ट परत परत सांगते: मशीनचा आकडा डॉक्टरांना तिथेही दिसतो. जे दिसत नाही ते तुम्ही कळवायचं.

पावसाळ्यात तापाचा पेशंट येतो, प्लेटलेट २८,०००. हा आकडा तसाच पुढे गेला तर घरचे घाबरून थेट बांबोळीचं मोठं सरकारी हॉस्पिटल गाठतात. म्हणून आधी ट्यूब हलकेच तिरकी करून गुठळी झाली आहे का बघा. मग स्मिअर (काचेवर रक्ताचा पातळ थर) काढून स्टेन करा, म्हणजे रंगवा आणि त्याच्या शेपटीकडचा भाग नीट न्याहाळा. तिथे प्लेटलेट झुबक्यांनी दिसल्या तर ईडीटीएमुळे (रक्त गोठू नये म्हणून ट्यूबमध्ये असलेल्या रसायनामुळे) आकडा खोटा कमी आलेला असू शकतो. सायट्रेटच्या निळ्या ट्यूबमध्ये पुन्हा रक्त घ्या, काउंट लावा, १.१ ने गुणा, कारण सायट्रेटच्या द्रवाने रक्त थोडं पातळ होतं. दोन्ही आकडे, स्लाइडवर काय दिसलं आणि रक्त किती वाजता घेतलं, हे सगळं शेऱ्यात लिहा. झुबके नसतील तर तेही लिहा, कारण डेंगीत आणि सत्तरीतल्या माकडतापातही प्लेटलेट खरोखरच उतरतात. मायक्रोस्कोपच्या आयपीसला मोबाइल लावून काढलेला फोटो अंदाजापुरता ठीक. शंका राहिली तर स्लाइडच पाठवा.

नियमांचं थोडक्यात. पॅथॉलॉजीच्या रिपोर्टवर पदव्युत्तर पदवी असलेल्या नोंदणीकृत पॅथॉलॉजिस्टचीच सही हवी, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये गुजरातच्या एका प्रकरणात म्हटलं. गोव्याचा स्वतःचा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा (दवाखाने-लॅबच्या नोंदणीचा) २०१९ चा आहे. अमेरिकेत तर दूरच्या देखरेखीला आकडाच घालून दिलाय: २८ डिसेंबर २०२४ पासून लॅबच्या संचालकाने सहा महिन्यांतून किमान एकदा प्रत्यक्ष यायचं, दोन भेटींत निदान चार महिन्यांचं अंतर ठेवायचं आणि एरवी फोनवर किंवा ऑनलाइन उपलब्ध राहायचं. आपल्याकडच्या मानाने सहा महिने मला फार वाटतात. छोट्या लॅबमध्ये डॉक्टरांनी महिन्यातून एकदा तरी येऊन क्यूसीचे (मशीन बरोबर आकडे देतंय का, या तपासणीचे) चार्ट स्वतः बघावेत.

मुलाखतीला जाल तेव्हा बिनधास्त विचारा: डॉक्टर प्रत्यक्ष कधी येतात? त्याची नोंद कुठे असते? त्यांचं लॉगिन कोण वापरतं? डॉक्टरांचा पासवर्ड टेक्निशियनकडे असलेल्या एका ठिकाणी मी नोकरी केली नाही, तुम्हीही करू नका. उद्या काही झालं तर संगणकासमोर तुम्हीच बसलेले असाल.

आणि नेट गेल्यावर काय करायचं, हे पहिल्याच दिवशी विचारून ठेवा. पोटॅशियम ६.८, म्हणजे धोकादायक जास्त आलं, सॅम्पल हिमोलाइज (रक्तपेशी फुटलेलं) नाही, रिपीटही तेच, तर सहीची वाट बघत बसू नका. पॅथॉलॉजिस्टना फोन लावा, त्यांच्या सांगण्यावरून पेशंटच्या डॉक्टरांना आकडा कळवा, तो त्यांच्याकडून परत वदवून घ्या आणि वेळ, नाव रजिस्टरमध्ये तिथल्या तिथे लिहा.